कपाटाची किल्ली: एका ग्रामीण रुग्णालयातलं नेतृत्वविकासाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०१९ च्या उन्हाळ्यातलं, मराठवाड्यातल्या एका ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयातलं आहे. तालुक्याचं नाव सांगत नाही, आणि माणसं ओळखू येतील असे काही तपशील बदलले आहेत. मी तेव्हा जिल्हा प्रशिक्षण पथकात सार्वजनिक आरोग्य परिचारिका होते. आशा, एएनएम, स्टाफ नर्स यांच्या बॅचेस घ्यायच्या, हजेरी, चहा-नाश्त्याची बिलं आणि प्रमाणपत्रं बघायची, हे माझं काम. त्यामुळे प्रशिक्षणाबद्दल पुढे काही वाकडं लिहिलं असेल तर ते घरचंच माणूस बोलतंय असं समजावं.

आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे असतात. ग्रामीण रुग्णालय येतं सिव्हिल सर्जनच्या हाताखाली आणि तिथला प्रमुख म्हणजे वैद्यकीय अधीक्षक. आमचे अधीक्षक चाळिशीच्या आतले, एमबीबीएस, हुशार आणि रुग्णाशी नीट बोलणारे. आठ महिन्यांपूर्वी चार्ज मिळाला होता. तोपर्यंत त्यांनी ओपीडी आणि पोस्टमॉर्टम केलेलं. खुलासा कसा मागवायचा, मस्टर कसं बघायचं, रुग्ण कल्याण समितीचं व्हाउचर कुठे अडतं हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. खुर्चीवर बसल्यावर माणूस ते लिपिकाकडून शिकतो, आणि बऱ्याचदा मग लिपिकाच्या डोळ्यांनीच दवाखाना बघायला लागतो.

नर्सेसची सात पदं मंजूर, त्यातली दोन रिकामी. ती जागा राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या (एनएचएम) दोन कंत्राटी सिस्टर भरून काढत होत्या. त्यांना अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस खंड, मग पुन्हा ऑर्डर. नाईटला एक सिस्टर आणि एक सफाई कामगार मावशी. डॉक्टर आवारातच क्वार्टरला, फोनवर. महिन्याला साठेक बाळंतपणं.

वर्ष दुष्काळाचं होतं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले होते, त्यात आमचाही. लेबर रूममध्ये नळाला पाणी नव्हतं. टँकर येईल तेव्हा निळा ड्रम भरून ठेवायचा. दुष्काळ असला की ऊसतोडीला कोयते, म्हणजे मजूर जोडपी, जास्त बाहेर पडतात. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात, त्या पाडव्याच्या आगेमागे परततात. त्यातल्या गरोदर बायांचं माता-बाल कार्ड गावात राहतं, आशाच्या वहीत 'स्थलांतरित' असा शेरा पडतो आणि मधल्या पाच-सहा महिन्यांत हिमोग्लोबिन कोणी तपासलेलं नसतं. मग एप्रिल-मे महिन्यात या बाया एकदम दवाखान्यात येतात. पिवळ्या पडलेल्या, दिवस भरलेल्या.

त्या रात्री

एप्रिलमधली रात्र. साडेबाराला टेम्पोतून एक बाई आली. तिसरं बाळंतपण, आठ दिवसांपूर्वी फडावरून परतलेली. कार्डावर दोनच नोंदी, दोन्ही गावातून निघण्याआधीच्या. नाईटला होती त्या दोन कंत्राटी सिस्टरपैकी धाकटी, नोकरीचं चौथं वर्ष. तिने डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि लगेच डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर आले, तपासून गेले. तेवढ्यात खाली मोटारसायकलचा अपघात आला, तिकडे ते अडकले.

एक पन्नासला मूल झालं, रडलं. ऑक्सिटोसिनचं, म्हणजे गर्भाशय आवळून रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाचं, १० युनिटचं इंजेक्शन मिनिटाच्या आत मांडीत दिलं. वार पूर्ण पडली. आणि मग रक्त थांबेना. गर्भाशय कणकेसारखं मऊ लागत होतं. सिस्टरने मसाज सुरू केला, लघवी काढली. आता सलाईनमधून आणखी ऑक्सिटोसिन चालू करायचं होतं.

ते नव्हतं. म्हणजे दवाखान्यात होतं, तिच्यापासून चार पावलांवर. पण कपाटाला कुलूप आणि फ्रिजलाही कडी-कुलूप. प्रत्येक ड्युटीला रेशनसारखं मोजून मिळायचं: दोन अँप्युल, एक सलाईन, एक सेट. एक अँप्युल संध्याकाळच्या बाळंतपणात गेलं होतं, दुसरं आत्ता. किल्ल्यांचा जुडगा इन्चार्ज सिस्टरच्या पर्समध्ये आणि इन्चार्ज सिस्टर भाचीच्या लग्नाला चाळीस किलोमीटरवर. दुसरा जुडगा औषधनिर्माण अधिकाऱ्यांकडे, ते जिल्ह्याच्या गावाहून अप-डाऊन करणारे. त्यांना तीनदा फोन लावला, तीनदा बंद.

सिस्टरचा हात गर्भाशयावर होता, तो काढता येत नव्हता. ती मावशींना म्हणाली, "मावशी, सिलिंडरचा पाना घ्या आणि कुलूप तोडा." ऑक्सिजन सिलिंडर उघडायचा लोखंडी पाना प्रत्येक लेबर रूममध्ये असतो. मावशी क्षणभर थांबल्या. पुढे त्यांनी मला सांगितलं, "मी म्हनलं, ताई, माझी नोकरी जाईल की ओ. तर ती म्हनली, ही बाई जाईल त्याच्या आधी." तिसऱ्या घावाला कपाटाचं कुलूप तुटलं, मग फ्रिजची कडी उचकटली. मोठी कॅन्युला, २० युनिट ऑक्सिटोसिन सलाईनमध्ये, मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या जिभेखाली, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड एक ग्रॅम हळूहळू शिरेतून. तोवर डॉक्टर वर आले. रक्त कमी झालं, पण बाई थंड पडत चालली होती. १०८ बोलावली. आमच्याकडे रेफर म्हणजे अंबाजोगाई, लातूर, नाहीतर थेट औरंगाबादचं घाटी रुग्णालय. त्यातल्या एका ठिकाणी तिला दोन पिशव्या रक्त चढलं. पाचव्या दिवशी ती लेकरू घेऊन परत आली.

किल्लीसाठी लावलेल्या पहिल्या फोनपासून कुलूप तुटेपर्यंत सात मिनिटं गेली होती. वेळ सिस्टरच्या मोबाइलवर होती म्हणून कळली.

सकाळी

अकराला इन्चार्ज सिस्टर लग्नातून परत आल्या. कपाटाची कडी लोंबत होती. दुपारी वरिष्ठ लिपिकांनी मेमो टाइप करून अधीक्षकांपुढे ठेवला: शासकीय मालमत्तेचे नुकसान, साठा नोंदवहीत नोंद न करता औषधे काढणे, तीन दिवसांत खुलासा. सिस्टरची ऑर्डर जूनमध्ये संपत होती. कंत्राटी माणसाच्या फाइलला मेमो लागला की पुढचं कळायला ज्योतिषी लागत नाही.

मेमो निघायच्या आधीच सिस्टरने खुलासा लिहून दिला. तो मी पाहिला आहे. चार वाक्यं: "रुग्णाला प्रसूतीनंतर रक्तस्राव होत होता. किल्ली उपलब्ध नव्हती. कुलूप मी तोडायला सांगितले. मावशींचा दोष नाही."

अधीक्षकांनी मला फोन केला. "मॅडम, पुढच्या महिन्यात नेतृत्व विकासाची बॅच आहे ना तुमची? आमची एक सिस्टर घ्या. काम चांगलं आहे, पण सीनियरशी जमवून घेणं, टीमवर्क, हे जरा कमी पडतं."

मी नाव लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर मनात आलं की चौथं वाक्य लिहिणाऱ्या मुलीला पाच दिवस हॉलमध्ये बसवून मी नेमकं काय शिकवणार? दुसऱ्या दिवशी एसटी पकडून मीच तिकडे गेले.

अडचण नेमकी कोणती

पहिल्या भेटीत मला वाटलं होतं की हे जुन्या आणि नव्याचं भांडण आहे. जुनी सिस्टर कडक, नवी धाडसी. हा माझा अंदाज तिसऱ्या भेटीपर्यंत टिकला. त्याने काय नुकसान केलं ते पुढे येईल.

तिसऱ्या भेटीत इन्चार्ज सिस्टर आणि मी दोघीच ड्रेसिंग रूममध्ये डबा खात बसलो होतो. वयाने आम्ही बरोबरीच्या. त्यांनी पर्सच्या आतल्या कप्प्यातून एक कागद काढला, घडीवर फाटत आलेला. २०११ चा वसुलीचा आदेश. मुदत संपलेल्या औषधांपोटी त्यांच्या पगारातून ३,८४० रुपये, तीन हप्त्यांत. ती औषधं त्यांनी मागितलीसुद्धा नव्हती. वरून साठा ढकलला गेला होता आणि चार्ज त्यांच्या नावावर होता. "तुमी सांगा मॅडम, एक अँप्युल फुटलं तर मी कुटून आणून देऊ? ती पोरगी काय, उद्या दुसरीकडं लागंल. माझी पेन्शन अडकती." आठ वर्षं तो कागद पर्समध्ये होता, किल्लीशेजारी.

रेशन पद्धत त्या वर्षापासूनची होती. म्हणजे किल्लीमागे हट्ट नव्हता, हिशेब होता. २०१८-२० च्या आकडेवारीप्रमाणे महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होत होते, देशात ९७. ३३ हा आकडा चांगलाच आहे. पण वर्षाला सातशे बाळंतपणं करणाऱ्या दवाखान्याला त्याचा अर्थ असा की मातामृत्यू चार-पाच वर्षांत एखादा होणार, आणि तोही बहुधा रेफर केल्यावर, दुसऱ्याच्या रजिस्टरमध्ये. ऑडिट दर वर्षी येतं. माणूस कोणाला घाबरणार?

अधीक्षकांना ही गोष्ट माहीतच नव्हती. आठ महिन्यांत त्यांनी ते कपाट एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. हे त्यांनीच कबूल केलं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला वळणाचा क्षण तो होता. त्यांच्या चेहऱ्यावरून सिस्टरला ट्रेनिंगला पाठवायचा विषय तिथे संपलेला दिसला.

समोर असलेले पर्याय

मेमो द्यायचा, हा नियमाला धरून जाणारा रस्ता. लिपिकांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं: आज कुलूप तोडलं आणि काही विचारलं नाही, तर उद्या कोणीही तोडेल.

मेमो ड्रॉवरमध्ये ठेवून विसरायचा, हा आपल्या व्यवस्थेतला सगळ्यात लोकप्रिय रस्ता. कोणाचंच मन दुखत नाही. फक्त पुढच्या रात्री ड्युटीवर असलेल्या सिस्टरला कळत नाही की तोडावं की तोडू नये.

दुसरी किल्ली करून डॉक्टरांच्या क्वार्टरमध्ये ठेवायची, हा स्वस्त उपाय. अधीक्षक दोन दिवस यावरच अडून होते. मी विचारलं, तुम्ही खाली अपघातात अडकला असाल तर? तेव्हा बाजूला पडला.

सिस्टरला ट्रेनिंगला पाठवायचं, हा चौथा. त्याबद्दल वर बोलले आहेच.

पाचवा पर्याय कोणालाच आवडत नव्हता. जीव वाचवायची औषधं कुलपाबाहेर ठेवायची आणि फुटतूट झाली, मुदत संपली, तर जबाबदारी इन्चार्ज सिस्टरची नाही, अधीक्षकांची, असं लेखी द्यायचं. अधीक्षक म्हणाले, "म्हणजे वसुली माझ्यावर?" मी म्हटलं, "हो. तुमच्या पगाराला ती झेपेल." हे बोलायला नको होतं, पण बोलले.

काय केलं

शेवटी अधीक्षकांनी मेमो परत मागवला. त्याला जावक क्रमांक पडला नव्हता हे नशीब, नाहीतर तो कागद मागे घेणं हाच एक स्वतंत्र उद्योग झाला असता. टिपणीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं की ही कृती रुग्णाचा जीव वाचवण्यासाठी झाली, कारवाईची आवश्यकता नाही, नवीन कुलूप रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून घ्यावे. कुलूप १८० रुपयांचं. नुसतं विसरून न जाता हे लिहून ठेवा, असा आग्रह माझा होता. त्याचा उपयोग दोन वर्षांनी झाला.

मग एका पानाचा आदेश काढला. लेबर रूममध्ये आपत्कालीन ट्रे राहील, त्याला कुलूप नाही, तोडता येणारं प्लॅस्टिकचं सील राहील. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांतच ठेवावं लागतं, म्हणून ते फ्रिजमध्ये, पण लाल झाकणाच्या डब्यात आणि फ्रिजची कडी काढून. दर ड्युटीला हँडओव्हरच्या वेळी सील बघायचं, तुटलं असेल तर मोजायचं आणि भरायचं. फुटतूट, मुदतबाह्यता याची जबाबदारी अधोस्वाक्षरीकर्त्याची. शेवटची ओळ लिहून झाल्यावर अधीक्षकांनी पेन खाली ठेवलं, चहा मागवला, चहा पिऊन झाल्यावर सही केली.

ट्रेमध्ये काय ठेवायचं ही यादी आम्ही नव्याने शोधून काढली नाही. केंद्र सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात २०१७ पासून लेबर रूमच्या तपासणी याद्या आहेत. तो कार्यक्रम मुख्यतः जास्त बाळंतपणं होणाऱ्या मोठ्या दवाखान्यांसाठी, आमचं रुग्णालय त्यात बसत नव्हतं. पण यादी वापरायला मान्यता लागत नाही.

इथवर ठीक चाललं होतं. मग चूक झाली, आणि त्यात माझा वाटा मोठा. धाकट्या सिस्टरला या सगळ्याची नोडल, म्हणजे मुख्य जबाबदार, करायची असं अधीक्षकांच्या मनात आलं. मी त्यांना दुजोरा दिला, तोही सगळ्या स्टाफच्या मीटिंगमध्ये, तिचं कौतुक करत. इन्चार्ज सिस्टर भिंतीकडे बघत बसल्या होत्या. ड्युटी लिस्ट त्यांच्या हातात. पुढच्या आठवड्यात त्या मुलीला सलग सहा नाईट लागल्या. ट्रेचं सील बरोबर असायचं, पण आत दोन वस्तू कमी. कोणी काढल्या, कोणाला माहीत नाही. तीन आठवडे असेच गेले.

धाकटी सिस्टरच एक दिवस मला म्हणाली, "मॅडम, हे माझ्या नावावर नको. मोठ्या सिस्टरना कोणतं औषध कुठल्या महिन्यात संपतंय ते तोंडपाठ आहे. मला रजिस्टर बघावं लागतं." मी जे प्रशिक्षणात शिकवते ते तिने मला शिकवलं, आणि बोलून झाल्यावर लगेच वॉर्डात गेली.

रचना उलटी केली. ट्रे आणि साठा इन्चार्ज सिस्टरकडे, सराव धाकटीकडे. इन्चार्ज सिस्टरनी एक अट घातली: ट्रेमधल्या औषधांपोटी माझ्याकडून वसुली होणार नाही, असं माझ्या नावाने वेगळं पत्र द्या. आदेशात तेच लिहिलं होतं. तरी अधीक्षकांनी वेगळं पत्र दिलं. इन्चार्ज सिस्टरनी त्याची झेरॉक्स काढली आणि पर्समध्ये ठेवली, त्याच कप्प्यात.

दर शुक्रवारी ओपीडी संपल्यावर वीस मिनिटं बसायचं ठरलं. पाच दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाऐवजी आठवड्याला वीस मिनिटं, ही कल्पना माझी नाही. आमच्या शिवेला लागूनच जामखेड आहे. तिथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबेल आरोळे यांनी काम सुरू केलं, आणि पाटीही न धरलेल्या बायकांमधून गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या उभ्या केल्या. त्या बायका ठरावीक दिवशी जामखेडला येत, काय झालं ते सांगत, थोडं शिकत आणि परत जात. नेतृत्व हा शब्द तिथे कोणी उच्चारला असेल असं वाटत नाही.

पहिल्या सरावाची एक गोष्ट सांगायलाच हवी. अर्धा लिटर रक्त गेलं की तो धोका मानायचा, हे सगळ्यांना पाठ होतं. पण चादरीवर अर्धा लिटर दिसतं कसं? धाकट्या सिस्टरने बादलीत कुंकू कालवलं, मापून चादरीवर ओतलं आणि एकेकाला अंदाज विचारला. त्याआधी मावशींनी टँकरचं पाणी सांडलं म्हणून तिला झापून घेतलं. अर्धा लिटरला कोणी २०० म्हणालं, कोणी २५०. डॉक्टर ३०० म्हणाले. मावशी म्हणाल्या, "आर्धी बाटली सलाईनपेक्षा लई जास्त हाय, पुरी बाटली तर असंलच." पुऱ्या सलाईनची बाटली म्हणजे ५०० मिलिलिटर. रोज त्या चादरी कोण धुतं, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

काय झालं

सिस्टरची ऑर्डर जूनमध्ये पुढे सरकली. वर्षभरात ट्रेचं सील नऊ वेळा तुटलं आणि नऊही वेळा आत हवं ते मिळालं. एक अँप्युल फुटलं, तीन मुदतबाह्य झाली. अधीक्षकांनी दाखल्यावर सही केली, ऑडिटरने तो दाखला बघून पान उलटलं. २०११ पासून ज्याची भीती बाळगली होती ते एवढंच निघालं. अर्थात दुसरा ऑडिटर असता तर वेगळं घडू शकलं असतं.

शुक्रवारी एक वही सुरू केली होती, 'थोडक्यात वाचलो' अशा नावाची. चूक होता होता राहिली ते नाव न टाकता लिहायचं. पहिल्या महिन्यात तीन नोंदी, तिसऱ्या महिन्यात अकरा. अधीक्षक घाबरले, दवाखाना बिघडत चाललाय की काय. मी त्यांना हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांचा अभ्यास सांगितला. १९९० च्या दशकात त्यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या, तेव्हा चांगल्या चमूंमध्येच जास्त चुका नोंदलेल्या आढळल्या. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगायची भीती कमी होती. अधीक्षकांना हे पटलं की नाही ठाऊक नाही. वही मात्र त्यांनी बंद केली नाही. पुढच्या एका नोंदीत त्यांनी स्वतःचीच एक चूक लिहिली, तीही नावानिशी. त्या शुक्रवारी वीस मिनिटांची मीटिंग तासभर चालली.

मग कोविड आला. अधीक्षक कोविड केअर सेंटरमध्ये अडकले आणि नॉन-कोविड दवाखाना प्रत्यक्षात दोन सिस्टरनी चालवला. ऑक्सिजनची फिरती यादी इन्चार्ज सिस्टरनी स्वतः आखली, कोणाला न विचारता. दोन वर्षांपूर्वी त्या एका अँप्युलसाठी सही मागायच्या.

२०२१ मध्ये अधीक्षकांची बदली झाली. नवे अधीक्षक आले, माणूस सावध. आधीच्या साहेबांचा आदेश आधीच्या साहेबांबरोबर गेला, असं लिपिकांनी सांगितलं आणि फ्रिजला पुन्हा कडी बसली. तीन आठवडे ती तशीच होती. मग इन्चार्ज सिस्टर, ज्यांनी आयुष्यभर साहेबांपुढे मान खाली घातली होती, त्या जुना आदेश, ती टिपणी आणि आपल्या नावाचं पत्र घेऊन केबिनमध्ये गेल्या. आत काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही. कडी निघाली. पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. धाकट्या सिस्टरला त्याआधीच दुसऱ्या जिल्ह्यात कायम नोकरी लागली होती.

जे झालं नाही तेही लिहायला हवं. औषधनिर्माण अधिकारी अप-डाऊनच करत राहिले. तालुक्यात रक्त साठवायची सोय झालेली नाही, म्हणजे ट्रे कितीही भरलेला असला तरी रक्तासाठी बाईला दोन तासांचा रस्ता आहेच. आणि कोयत्यावर गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन पाच महिने कोणी तपासत नाही, हा प्रश्न तर आम्ही हातातच घेतला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली भेट इन्चार्ज सिस्टरची घेईन. कुलूप कोणी तोडलं हे विचारण्याआधी ते लावलं कोणी आणि कधी, हे विचारलं असतं तर तो घडी पडलेला कागद पहिल्याच दिवशी बाहेर आला असता आणि मधले तीन आठवडे वाया गेले नसते. भर मीटिंगमध्ये एकीचं कौतुक करून दुसरीला छोटं करणं ही चूक मी पंचवीस वर्षं इतरांना सांगत आले होते.

आदेश एकट्या अधीक्षकांच्या सहीने काढू देणार नाही. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत ठराव करून सिव्हिल सर्जनच्या मान्यतेने तो काढायला हवा होता. आपल्याकडे बदली तीन वर्षांनी येणार हे पंचांगासारखं ठरलेलं असतं. ते धरूनच कागद करायला हवा. त्यावर अधीक्षक तेव्हा म्हणाले होते, "मंजुरीला पाठवला असता तर अजून मंजुरीतच असता." त्यांचंही खरं होतं. कदाचित आधी सही, मागाहून ठराव, असं करता आलं असतं. सहा महिन्यांनी ट्रेची नोंदवही पुढे ठेवून ठराव मागितला असता तर नाही म्हणणं कोणालाही जड गेलं असतं. ते राहून गेलं.

अधीक्षकांना नेतृत्व प्रशिक्षणाला पाठवायचं का? माझं उत्तर हो, पण सहा महिन्यांनी, हातात स्वतःचा अडलेला प्रश्न घेऊन. रिकाम्या हाताने आलेला अधिकारी पाच दिवस मोबाइल बघतो आणि सामर्थ्य-कमकुवतपणाचे चार चौकोन भरून जातो. मी अशा कितीतरी बॅचेस घेतल्या आहेत आणि प्रमाणपत्रंही वाटली आहेत.

आणि मावशी. कुलूप त्यांनी तोडलं, रक्ताचा अंदाज त्यांचा बरोबर आला, दर शुक्रवारी त्या दाराशी उभ्या असायच्या. पण आदेशात त्यांचा उल्लेख नाही. प्रशिक्षणाच्या नमुन्यात सफाई कामगारासाठी रकानाच नाही, म्हणून हजेरीतही नाव नाही. त्या एजन्सीकडून लागलेल्या, पगार दोन-दोन महिने उशिरा. सहावा की सातवा शुक्रवार असेल, धाकट्या सिस्टरने खुर्ची पुढे सरकवली आणि "मावशी, बसा की," म्हणाली, तेव्हा कुठे त्या बसल्या. हे माझ्या लक्षात आधी यायला हवं होतं.

मागच्या वर्षी त्या बाजूला गेले होते म्हणून दवाखान्यात डोकावले. सगळा स्टाफ नवा, मला ओळखणारं कोणी नव्हतं. ट्रे जागेवर होता. प्लॅस्टिकची सीलं संपली की पुरवठा महिनोन्महिने येत नाही, म्हणून ट्रेवर चिकटपट्टी लावलेली आणि तिच्यावर पेनने त्या दिवसाची तारीख. खाली सही कोणाची ते वाचता आलं नाही.